गळ्यातली पावलं

काटकरांच्या घराण्यातल्या पुरुषाने आजवर कुणाला पाठ दाखवलेली नाही. तोफेला नाही, वाघाला नाही, आणि जमीन मोजायला आलेल्या साहेबाला तर नाहीच नाही. गायकवाडी फौजेत भाला धरलेलं हे घराणं. संस्थान गेलं, भाले गेले. डभोईपलीकडची थोडी काळी जमीन आणि छाती काढून चालायची सवय तेवढी उरली.

या घराण्याचे विद्यमान पुरुष हिंमतराव काटकर बडोद्याला रावपुऱ्यात एका औषधांच्या दुकानाकडे पाठ करून बराच वेळ उभे होते.

समोर चपलांचं दुकान होतं. तिथल्या काचेतल्या बायकी सपाता ते इतकं मन लावून पाहत होते की दुकानदार बाहेर येऊन म्हणाला, “आवो ने साहेब, कयो नंबर?” हिंमतराव नुसते हसले. थोड्या वेळाने तो पुन्हा आला. या खेपेला हिंमतराव गांगरले आणि तोंडाला आलेला आकडा बोलून गेले, “सात.” मराठ्याने एकदा शब्द दिला म्हणजे दिला. आता त्यांच्या हातात निळ्या सपातांची पिशवी होती आणि चपलांच्या दुकानाकडे पाहत राहायला काही कारण उरलं नव्हतं. ते वळले.

औषधांच्या या दुकानाबद्दल डभोईपासून सावलीपर्यंत कुणी पुरुष कुणा पुरुषाशी बोलत नसे, त्यामुळे ते सगळ्यांना ठाऊक होतं. पुढे गल्ला, तिथे ताप, खोकला, जुलाब. मागे हिरवा पडदा. पडद्याआड बाक आणि बाकाच्या पुढे एक लहान खोली. पुरुषाला बायकोला सांगता येत नाही आणि मित्राला सांगितलं तर तो गावाला सांगतो, असलं दुखणं तिथे बोलायचं. नाव विचारत नाहीत, लिहून ठेवत नाहीत, अशी ख्याती.

हिंमतराव खाली मान घालून पडद्याआड शिरले. बाकावर त्यांच्याच गावचे सरपंच जयसिंगराव बसले होते. त्यांच्या मिशा पाहून नवे तलाठी आपण होऊन उभे राहत.

“राम राम हिंमतराव. इकडं कुठं?”

“खोकला. तुमचं काय?”

“मलाही खोकलाच.”

दोघांनी रीत म्हणून थोडं थोडं खोकून दाखवलं. पडदा सरकला आणि चष्मा लावलेल्या, पांढरा कोट घातलेल्या एक पन्नाशीच्या बाई आत डोकावल्या. “काका, खोकल्याचं बाहेर गल्ल्यावर मिळतं हं.”

कुणी उठलं नाही. बाई समजून चुकल्यासारख्या खोलीत गेल्या. जयसिंगरावांनी त्यांच्यामागे जाताना हिंमतरावांकडे पाहिलं नाही; बाहेर आले तेव्हा छताकडे पाहत आले, मिशीला पीळ भरला आणि गेले.

बाईंचं नाव निरुपमाबाई. वडिलांनी थाटलेलं दुकान त्या चालवत. आत पुरुष असेल, या भरवशावर हिंमतराव डभोईहून एसटीत बसले होते. पण पळून जायला आता वाट नव्हती. बाहेर वाटेत जयसिंगराव असणार.

निरुपमाबाईंनी टेबलावरचा पंखा लावला. तो लोहाराच्या भात्यासारखा घरघरू लागला.

“हा कशाला? थंडीचे दिवस,” हिंमतराव म्हणाले.

“आपलं बोलणं बाहेर जाऊ नये म्हणून. काय त्रास आहे?”

हिंमतराव पुटपुटले.

“मोठ्यानं बोला, पंखा आहे.”

मग हिंमतरावांनी आपलं अत्यंत खासगी दुखणं, विहिरीच्या पलीकडच्या बैलाला हाक मारावी तशा आवाजात सांगितलं. पडद्यापलीकडे गल्ल्यावरची बोलाचाली थांबली. कुणीतरी खोकल्याची बाटली मागत होतं, तेही अर्ध्यावर थांबलं.

बाईंच्या चेहऱ्यावर काही हललं नाही. गिऱ्हाईकाने दाढ दुखते म्हणून सांगावं, तसं त्यांनी ऐकून घेतलं. साखर तपासली का? तपासू या. छातीत दुखतं का? जिभेखाली ठेवायची गोळी घेता का? नाही ना? असली तर लपवू नका, जिवावर बेतेल. आणखी कसलं औषध?

“हायवेला तंबू लावून वैद्य बसतो. त्याचं चूर्ण.”

“त्याला ओळखून आहे मी. ते आधी फेका. जनावरांनाही घालू नका. पहाटे उठता तेव्हा?”

हिंमतरावांनी पंख्याकडे पाहत सांगितलं, पहाटे सगळं ठीक असतं.

“मग गाडीत बिघाड नाही. त्या वेळी नेमकं काय होतं?”

पंखा घरघरत होता. हिंमतरावांना वाटलं, ऐकू गेलं नाही तर बरं. म्हणून हळूच म्हणाले, “वाजतं.”

बाईंना ते मात्र नेमकं ऐकू गेलं. “काय वाजतं?”

हिंमतरावांची पहिली बायको मंदाकिनी. तापाने गेली त्याला तीन पावसाळे झाले. तिच्या पायांत जाड चांदीची जोडवी असत. शहाबादी फरशीवर ती चालायला लागली की टिक, टिक असा आवाज यायचा. आवाज जवळ आला की हिंमतराव कामावरून मान वर करायचे, पाणी आलेलं असायचं. बाई गेली, जोडवी तिच्याबरोबर गेली. घर इतकं गप्प झालं की हिंमतराव जेवताना मुद्दाम ताटावर वाटी आपटायचे.

यंदा वैशाखात त्यांच्या आत्याने, चिमणाबाईंनी, सावलीची लीला त्यांना दुसरेपणावर करून आणली. आणि या मुलखाच्या रिवाजाप्रमाणे मांडवातच तिच्या गळ्यात सवतीची पावलं घातली. चांदीच्या पत्र्याची दोन इवलीशी पावलं, काळ्या दोऱ्यात ओवलेली. मेलेली बाई रागावू नये म्हणून. नवं लुगडं आलं की आधी त्या पावलांना टेकवायचं, मग नेसायचं. घास आधी पावलांना, मग तोंडाला. ती पावलं मंगळसूत्राच्या वाटीवर आपटतात. टिक. टिक.

“लीला वाकली की वाजतं. वळली की वाजतं,” हिंमतराव म्हणाले. “अंधारात माझ्याकडे आली की मला वाटतं, ती चालत येतेय. दाराशी उभी राहतेय. मग... नाही होत.”

“काढून ठेवायला सांगा.”

“नहाताना एकदा काढली होती. त्याच दिवशी म्हैस गेली.”

निरुपमाबाईंनी पंखा बंद केला. आता लपवण्यासारखं काही उरलं नाही, अशा अर्थाने.

त्यांनी बोट टोचून साखर पाहिली, दाब पाहिला. दोन्ही ठीक निघालं. वरच्या मजल्यावरच्या डॉक्टरांकडे पाठवलं. त्यांनी छाती ऐकली, कागदावर खरडलं. परत खाली आल्यावर बाईंनी गोळ्यांची पट्टी साध्या खाकी पुडीत घालून दिली. दिवसातून एकच, भरल्या पोटी नको, डोकं दुखलं तर घाबरू नका. “पण एक सांगते, काका. ही गोळी कानाला लागू पडत नाही. तुमच्या मंडळींना एकदा घेऊन या. दुपारी दुकान बंद असतं, मागच्या दारानं या. तिघं बसून बोलू.”

“बघतो,” हिंमतराव म्हणाले. काटकरांच्या घरात याचा अर्थ नाही असाच होतो.

एसटीत त्यांनी पुडी मांडीवर धरली आणि लीलाचं बोलणं आठवत बसले. आदल्या संध्याकाळी कापसाची झोळी सोडताना, भाजी संपली म्हणून सांगावं तशी ती म्हणाली होती, “कापूस उतरला की मी सावलीला जाते. गोविंददादा जीप घेऊन येईल. परत यायचं की नाही, ते तुम्ही सांगा. सात महिने झाले, अहो. लोक मला विचारतात. मी काय सांगू?”

कापूस उतरत आला होता.

*

पुडीवर काही लिहिलेलं नव्हतं. शहरात अशी पुडी कुणी पाहत नाही. गावात तिच्याइतकी नजरेत भरणारी दुसरी वस्तू नाही. हिंमतराव ओटीवर चढले आणि चिमणाबाई जपाची माळ थांबवून म्हणाल्या, “काय आणलंस रे, हिंमत?”

“काही नाही, आत्या.”

“काही नाही तर दोन हातांत कशाला धरलंयस? लीला, घे गं. आधी मंदाला दाखव, मग काय ते.”

घरात आलेली एकही नवी वस्तू मंदाकिनीला दाखवल्याशिवाय वापरायची नाही, हा चिमणाबाईंचा कायदा. पंपाचा पट्टासुद्धा त्यांनी देव्हाऱ्यात ठेववला होता. तिथे मंदाकिनीचा चांदीचा टाक होता, बोटभर, डोळे कोरलेला.

लीला पदराला हात पुसत आली. तिने पुडी गळ्यातल्या पावलांना टेकवली. टिक. हिंमतरावांच्या पाठीतून काहीतरी सरकत गेलं.

“बंद काय दाखवतेस? उघड. तिला कळलं पाहिजे काय आहे ते.”

लीलाने पुडी उघडली. पट्टीवर निळ्या गोळ्या होत्या. चिमणाबाईंनी पट्टी उजेडाकडे धरली. “निळी दिसते. पोटाची आहे का रे?”

लीलाने पट्टीवरची अक्षरं वाचली. ती बारावी शिकलेली होती. कानाच्या पाळीपर्यंत लाल झाली, आणि सरळ आवाजात म्हणाली, “हो आत्याबाई. पोटाचीच.”

“मग राहू दे तिच्यापुढं. तिची आज्ञा झाली की घेईल.” चिमणाबाईंनी पट्टीवर हळदकुंकू वाहिलं आणि ती टाकासमोर मांडली. “आणि त्या पिशवीत काय?”

“सपाता. हिच्यासाठी.”

लीलाचा चेहरा एकदम उजळला. सात महिन्यांत नवऱ्याने आपण होऊन आणलेली ती पहिली वस्तू. तिने सपाता गळ्यातल्या पावलांना टेकवल्या, खाली ठेवल्या, पाय घातले. टाचेमागे अंगठाभर जागा उरली. दोन पावलं चालून पाहिली तर सपाता फटाफटा मागे राहिल्या.

“अगं बाई,” चिमणाबाई कौतुकाने म्हणाल्या, “हे तर आमच्या मंदाचं माप. बरोबर सात.”

लीलाने सपाता काढल्या, जोडून देव्हाऱ्याच्या भिंतीशी ठेवल्या आणि भाकरी थापायला आत गेली. परातीवर वाकली की वाजत होतं. टिक, टिक, टिक.

दुसऱ्या दिवशी पहाटे चिमणाबाई उठायच्या आत हिंमतराव देव्हाऱ्याशी गेले. समई मंद होती. टाकाचे कोरलेले डोळे, पुढे कुंकू लागलेली पट्टी आणि खाली जोडून ठेवलेल्या सपाता. जणू कुणी त्या काढून देवापाशी बसलंय. हिंमतरावांनी हात पुढे केला. त्यांच्या पणजोबांनी वाघापुढे हात केला होता म्हणतात. यांचा अर्ध्यावर थांबला. मेलेल्या बायकोपुढून ही गोळी उचलायची, आणि ती कशाकरता हे तिला ठाऊक! त्यांनी हात मागे घेतला. जाता जाता उगीच नमस्कार केला.

*

मजूर सगळे बडोद्यात गोत्रीला गेले होते, सोसायट्यांच्या बांधकामावर. कापूस फुटून लोंबत होता, आणि आभाळ दोन दिवस मळकट होतं. पाणी पडलं तर कापूस काळा पडणार. तेव्हा वेचणीला दोघंच, नवरा आणि बायको. कमरेला फडक्याची झोळी, वाकलेली पाठ. वाळलेल्या बोंडांची टोकं बोटं ओरबाडत होती. हिंमतरावांच्या नखांशी रक्त साकळलं होतं. एका सरीत ते, शेजारच्या सरीत लीला. ती दिसत नसे, पऱ्हाट्या उंच होत्या. नुसतं ऐकू येई. टिक. थोडा वेळ काही नाही. टिक.

आणि ते एकाच बाजूने येत नव्हतं. कधी उजवीकडून, कधी मागून. हिंमतराव वळून पाहत. मागे वेचून झालेल्या सऱ्या असत, उघड्या बोंडांच्या, भुंड्या.

बांधावरून जयसिंगराव मोटारसायकलवर चालले होते. थांबले. “उतरला का कापूस?”

“शेवटच्या सऱ्या.”

“छान.” जरा घुटमळून ते आवाज चोरून म्हणाले, “खोकला काय म्हणतो?”

“आहे तसाच. तुमचा?”

जयसिंगरावांनी चहूकडे पाहिलं. “मला बाईंनी तंबाखू सोडायला सांगितलीय,” त्यांनी असं सांगितलं की जणू जमीनच जप्त झाली. “सरपंच माणूस. तंबाखूशिवाय मीटिंग घेऊ कशी?” आणि गाडीला लाथ मारून निघून गेले.

पलीकडच्या सरीत लीलाचा फोन वाजला. “हां दादा... आजच संपेल... उद्या सकाळी ये. नको, नाश्ता इथंच कर... एक पेटी आहे फक्त. हां, बस.” मग फोन बंद झाला आणि बराच वेळ नुसतीच कापूस उपटल्याची चरचर.

उन्हं डोक्यावर आली तेव्हा शेवटची सरी संपली. दोघं बाभळीखाली बसली. लीलाने भाकरीचं फडकं सोडलं. पहिला तुकडा तिने गळ्यातल्या पावलांना लावला, मग खाल्ला. हिंमतराव दुसरीकडे पाहू लागले.

“ती गोळी घेतली नाहीत तुम्ही,” लीला म्हणाली.

“पोटाची आहे ती.”

“अहो, आमच्या सावलीलाही टीव्ही आहे.”

हिंमतराव कांदा फोडत राहिले. फोडून झालेला कांदा पुन्हा फोडू लागले.

“गोळीचं मला काही वाटलं नाही,” लीला म्हणाली. “बरंच वाटलं. निदान माणूस माझ्यासाठी बडोद्याला गेला म्हणून. पण सपातांचं वाटलं. माझं माप पाच आहे. तुम्ही माझे पाय कधी बघितलेच नाहीत.”

“तोंडातून निघून गेलं.”

“तेच म्हणतेय मी.”

वारा पडलेला होता. मळकट आभाळाखाली सगळं रान कापून ठेवल्यासारखं स्तब्ध होतं. आता बोललं नाही तर उद्या ओटीसमोर जीप उभी राहील, पेटी वर चढेल, आणि पुन्हा ताटावर वाटी आपटत जेवायचं, हे हिंमतरावांना स्वच्छ दिसत होतं. पंख्यासमोर जे ओरडून सांगितलं, ते पंख्याशिवाय सांगणं फार अवघड होतं. त्यांनी कांद्याकडे पाहत सांगितलं. जोडवी, फरशी, अंधारातला आवाज. दाराशी उभी राहणारी. सगळं.

लीला हसेल किंवा रडेल, असं त्यांना वाटलं होतं. तिने दोन्ही केलं नाही. घोटभर पाणी प्याली.

“मलाही येतं ऐकू,” ती म्हणाली.

हिंमतरावांनी मान वर केली.

“मी झोपले की, कूस बदलली की वाजतात. कधी कधी मी हलत नाही तरी वाजतात. तुमची झोप मोडू नये, तुम्हाला तिची आठवण येऊ नये, म्हणून मी मुठीत धरून झोपते. घट्ट. अशी.” तिने दोन्ही मुठी गळ्याशी आवळून दाखवल्या.

हिंमतराव तिच्याकडे पाहत राहिले. सात महिने ते हिला असंच पाहत आले होते. भिंतीकडे तोंड, दोन्ही हात छातीशी आवळलेले. पाहून ते म्हणत, हिला मी नको आहे. दुसरेपणावर दिलेली, तरुण. बळेच काय जवळ करायचं. आणि उशीत तोंड खुपसून त्या आवाजाची वाट पाहत पडत.

“मला वाटलं...” ते म्हणाले, आणि पुढचं गिळलं.

“मला वाटलं, तुम्हाला तीच हवी,” लीला म्हणाली.

तिने झोळीतून कापसाचं एक बोंड घेतलं, सरकी काढून टाकली. गळ्यातला काळा दोरा पुढे ओढला. चांदीची ती दोन पावलं तळहातावर ठेवली. हिंमतराव झटकन म्हणाले, “काढू नकोस!”

“काढत नाही हो. तिचं आहे, तिला राहू दे.” तिने पावलांभोवती कापूस लपेटला, पदराचा दोरा उसवून वर गाठ मारली. मग शेजारणीशी बोलावं तसं हलक्या आवाजात म्हणाली, “मंदाताई, फार चाललात. आता बसा जरा.”

गाठोडं तिने सोडलं. ते मंगळसूत्रावर पडलं. आवाज आला नाही.

तिने मान हलवून पाहिलं. पुढे वाकली. मागे झाली. काही नाही. हिंमतरावांना एकदम आपल्याच श्वासाचा आवाज ऐकू येऊ लागला, आणि तो फार मोठा वाटला.

तेवढ्यात दूर, वेचून झालेल्या सऱ्यांच्या टोकाला, जिथे कुणी नव्हतं, तिथे वाजलं. टिक. मग आणखी पलीकडे. टिक. कुणीतरी बांध ओलांडून, मागे न बघता चाललं असावं, इतकं हळू.

वाळलेलं बोंड तडकलं असेल. उन्हात तडकतात. हिंमतरावांनी असं स्वतःला समजावलं आणि लीलाकडे पाहिलं. तीही त्याच दिशेला मान वळवून बसली होती, भाकरीचा तुकडा हातात तसाच. तिच्या हातावरची लव उभी राहिली होती. दोघांनी एकमेकांना विचारलं नाही. पुन्हा वाजेल म्हणून दोघं कान देऊन बसली. वाजलं नाही. ते न वाजणं हिंमतरावांना खोल कुठेतरी दुखलं. मंदाकिनीच्या तापाच्या शेवटच्या दिवशी दुखलं होतं तसं.

मुंग्या भाकरीला लागल्या.

“दादाला काय सांगू?” लीला म्हणाली.

इथे काहीतरी बोलायला हवं होतं. घराण्याला शोभेल असं, आणि नाही म्हटलं तरी जन्मभर लक्षात राहील असं. हिंमतरावांनी छाती काढली. घसा खाकरला. शब्द जुळवले, मोडले. डोळ्यांत उगीच पाणी जमा झालं, त्याला त्यांनी कांद्याचं निमित्त दिलं. अखेर ताठ बसून, एक हात वर करून ते म्हणाले, “लीला, मी...”

“ते राहू द्या,” लीला त्यांच्याकडे पाठ करून बसत म्हणाली. “आधी इकडं सरका. झंपराच्या आत काहीतरी कुसळ गेलंय, सकाळपासून टोचतंय. तेवढं काढा.”